‘पुन्हा’ची नोंद कोण ठेवणार?

लहान मूल ओकले की घरात सर्वांत आधी सुरू होतो तो गुन्हेगाराचा शोध. काल वाढदिवसाला केक खाल्ला, तो बाधला. पाळणाघरातले दूध नासके असेल. दात येताहेत. हवा पालटली. आल्यागेल्याची दृष्ट लागली. गुन्हेगार बहुधा सापडतोच. आणि कोणीच सापडले नाही तर मुलाची आई हाताशी असतेच. तिने घाईघाईने भरवले, तिची नोकरी, तिचे लक्ष नसते. मग कोणी मीठ-मोहऱ्या ओवाळते, कोणी उलटीचे औषध पाजते. संध्याकाळपर्यंत पोर हसू-खेळू लागते आणि प्रकरण मिटते. तीन आठवड्यांनी ते पुन्हा ओकते. आता गुन्हेगार वेगळा, औषध वेगळे आणि पुष्कळदा डॉक्टरही वेगळा. चार खेपांना चार कारणे सापडतात. या चारही खेपा मिळून एकच गोष्ट सांगत असतील, ही शंका मात्र कोणाला शिवत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. उलटी हा काही आजार नव्हे, ते लक्षण आहे. आणि सर्दी-खोकल्यापासून मेंदूतल्या गाठीपर्यंत शेकडो गोष्टींत ते दिसते. त्यामुळे ‘उलटी झाली’ या दोन शब्दांतून डॉक्टरांच्या हाती फारसे काही लागत नाही. ‘पुन्हा’ या शब्दातून मात्र पुष्कळ काही लागते. कितव्यांदा, किती दिवसांनी, कोणत्या वेळी, कोणत्या रंगाची, आणि मधल्या दिवसांत मूल कसे होते, या उत्तरांत निम्मे निदान असते. आणि नेमका हाच ‘पुन्हा’ आपल्या नव्या शहरांत हरवून जातो. त्याची आठवण ठेवायला तिथे कोणी उरलेलेच नाही.

खारघरचेच उदाहरण घ्या. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेले हे गाव. पाठीशी डोंगर, पावसाळ्यात कोसळणारा पांडवकडा, रुंद रस्ते, आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर. २०१६ साली ते पनवेल महापालिकेत आले, २०२३च्या नोव्हेंबरात बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली. कोपरा, मुर्बी, ओवे अशा मूळ गावांतली घरे सोडली, तर इथले बहुतेक संसार बाहेरून आलेले. नवरा-बायको दोघेही सकाळी घर सोडणारे. मूल पाळणाघरात, नाहीतर आळीपाळीने गावाहून येणाऱ्या आज्यांकडे. दोन महिने आईची आई, दोन महिने वडिलांची आई, मधले पंधरा दिवस शेजारच्या काकू. भाड्याचे घर अकरा महिन्यांच्या कराराचे. करार संपला की सेक्टर बदलतो, सेक्टर बदलला की डॉक्टर बदलतो. आता या मुलाच्या उलट्यांचा हिशेब मांडून पाहा. पहिली आजीने पाहिली, ती गावी परतली. दुसरी पाळणाघरात झाली. संध्याकाळी घाईत सांगितली गेली आणि विसरली गेली. तिसरीच्या वेळी रात्री उघडा सापडला तो दवाखाना गाठला. चौथीला नवा डॉक्टर. प्रत्येकाने आपल्यापुरती एकच उलटी पाहिली आणि आपल्यापुरते योग्य ते केले. चूक अशी कोणाचीच नाही. तरीही त्या मुलाला ‘वारंवार उलट्या होतात’ हे जगात कोणालाच ठाऊक नाही!

वाड्यातल्या, चाळीतल्या आजीचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या आजीच्या बाळगुटीत मुरडशेंग आणि सुंठ होती तसे वेखंडही होते. आणि वेखंड जास्त उगाळले गेले तर त्यानेच मूल ओकते. पण त्या आजीजवळ एक गोष्ट होती. तिला सलग दिसत होते. ‘मागल्या अमावास्येलाही असेच झाले होते गं,’ असे ती म्हणायची. त्यातली अमावास्या सोडून द्या. ‘मागल्या’ हा शब्द लाखमोलाचा होता.

हा शब्द किती मोलाचा ते पाहण्यासाठी अगदी तान्ह्या बाळापासून सुरुवात करू. दूध पिऊन झाल्यावर गुळणी टाकणारे बाळ ही घरोघरची गोष्ट. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप या वयात कच्ची असते, त्यामुळे दूध वर येते. चौथ्या महिन्याच्या सुमारास निम्म्याहून अधिक बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचे आपोआप थांबते. अशा बाळाला औषध लागत नाही. खांद्यावर घेऊन ढेकर काढणे आणि धीर धरणे एवढे पुरते. पण हे बाळ खुशाल आहे, हे ठरवायचे कशावरून? त्याच्या वजनावरून. वजन रेषेला धरून वाढत असेल तर ती गुळणी. वजन अडले किंवा घटले तर तो आजार. म्हणजे इथेही एका दिवसाच्या उलटीवरून काहीच ठरत नाही, महिन्यामहिन्याचे वजन मागे लिहिलेले असावे लागते.

दुसरे बाळ तीन-चार आठवड्यांचे आहे. आतापर्यंत ठीक होते, पण आता प्रत्येक पाजणीनंतर दूध कारंज्यासारखे लांब उडते आणि ओकून झाले की ते लगेच भुकेने रडते. जठराच्या खालच्या दाराचा स्नायू जाड होऊन वाट बंद होत चालल्याची ही खूण. याला पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात. मुलींपेक्षा मुलग्यांत हे अधिक दिसते. छोट्या शस्त्रक्रियेने ते कायमचे बरे होते, पण ‘दिवसेंदिवस वाढत चालले आहे’ हे कोणी सांगितले तरच त्याची शंका येते. तिसऱ्या बाळाची उलटी हिरवी आहे. इथे मात्र ‘पुन्हा’ची वाट पाहायची नाही. तान्ह्या बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि त्यात प्रश्न काही तासांचाच असतो. ‘पित्त झाले असेल, सकाळी बघू’ या वाक्याने आतडे गमावलेली बाळे शल्यविशारदांनी पाहिली आहेत. उलटीचा रंग पाहावा आणि आठवत असावा, एवढ्या साध्या गोष्टीवर कधी कधी जीव अवलंबून असतो.

आता जरा मोठी मुले. इंग्लंडमधल्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी १८८२ साली एका चमत्कारिक दुखण्याचे वर्णन लिहून ठेवले. मूल एरवी अगदी धडधाकट. मग एके दिवशी, बहुधा पहाटे, उलट्या सुरू होतात. तासाला चार-चार, सहा-सहा वेळा. पोटात काही उरले नाही तरी कोरड्या ओकाऱ्या. मूल पांढरेफटक पडते, कोणाशी बोलत नाही. काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी सारे एकाएकी थांबते आणि मूल जणू काही झालेच नाही असे खेळायला लागते. काही आठवड्यांनी त्याच वेळी, त्याच क्रमाने पुन्हा तेच. आज याला सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोम म्हणतात. अर्धशिशीशी त्याचे जवळचे नाते आहे. या मुलांच्या आईला, मावशीला, आजीला पुष्कळदा अर्धशिशी असते आणि मोठेपणी यातल्या बऱ्याच मुलांनाही ती होते. जागरण, उपास, ताप, कधी सहलीचा आनंदसुद्धा या फेऱ्याला निमित्त होतो. यावर उपचार आहेत. पण हे कोणत्याही एका तपासणीत दिसत नाही. रक्त ठीक, सोनोग्राफी ठीक. ते दिसते फक्त कॅलेंडरवर. कॅलेंडर कोणी राखलेले नसते, म्हणून निदान व्हायला कधी वर्ष तर कधी दोन-अडीच वर्षे लागतात. तोवर दर खेपेला सलाईन, दर खेपेला ‘अन्नातून विषबाधा’ आणि शेवटी ‘शाळा चुकवायला नाटके करतो’ हा शिक्का. पाच वर्षांचे पोर पहाटे चार वाजता उठून तासाला सहा वेळा नाटक करते, असे म्हणणाऱ्यांना काय म्हणावे?

आणि सर्वांत जड गोष्ट शेवटी. सकाळी उठल्या उठल्या होणारी उलटी, तिच्या मागेपुढे डोकेदुखी, दिवस वर आला की आराम आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग चालताना तोल जाणे, डोळा तिरळा होणे, मान एका बाजूला कलणे. मेंदूतली गाठ अशी दबक्या पावलांनी येते. तिला पहिल्यांदा ‘ॲसिडिटी’, मग ‘जंत’, मग ‘चष्म्याचा नंबर’ अशी नावे मिळत जातात. ही गोष्ट विरळा आहे. ओकणाऱ्या हजारो मुलांत एखाद्याचीच. म्हणून कोणी घाबरून उद्याच मेंदूचे छायाचित्र काढायला धावू नये. पण विरळा म्हणजे अशक्य नव्हे. ब्रिटनमध्ये २०११ साली ‘हेडस्मार्ट’ नावाची मोहीम निघाली. पालकांना आणि डॉक्टरांना साधी लक्षणांची पत्रके वाटली गेली. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी किंवा वारंवार होणारी उलटी हे त्यातले एक लक्षण. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत तिथे पूर्वी मुलांचे चौदाहून अधिक आठवडे जात. ते सातच्या आत आले. हे नवे यंत्र किंवा नवे औषध निघाल्यामुळे घडले नाही. लोकांनी दिवस मोजायला सुरुवात केली.

खारघरच्या वाचकांना हे सांगताना मनात वेगळीच खंत येते. टाटा स्मारक केंद्राची अॅक्ट्रेक ही संस्था याच गावात, डोंगराच्या कुशीत आहे. २०२३पासून तिथे प्रोटॉन किरणोपचार मिळू लागले. मुलांच्या मेंदूतल्या गाठींसाठी ही पद्धत विशेष उपयोगी, कारण भोवतीच्या निरोगी भागाला ती जपते. देशभरातून आईबाप कर्करुग्ण मुलांना घेऊन इथे येतात. जगातले अद्ययावत यंत्र दोन-तीन सेक्टर पलीकडे आहे. पण त्या यंत्रापर्यंत मूल वेळेवर पोचायचे, तर ‘सकाळीच का ओकतो?’ हा प्रश्न अलीकडच्या सेक्टरात कोणाच्या तरी मनात यावा लागतो.

तो मनात येत नाही याचे एक कारण म्हणजे आपली घाई. मुलाची उलटी पाहवत नाही, हे कोणीही समजू शकेल. पण उलटी थांबणे म्हणजे मूल बरे होणे, असे समीकरण आपण मांडून बसलो आहोत. डॉक्टरने ‘थांबा, पाहू’ म्हटले की तो ढिला. सुई टोचली की तो हुशार. मग डॉक्टरही शिकतात. उलटी थांबवणाऱ्या औषधांचे थेंब घरोघरी फ्रीजच्या दारात असतात आणि मागच्या खेपेची बाटली पुढच्या खेपेला उघडली जाते. या औषधांना जागा नाही असे नव्हे. जलसंजीवनी पोटात टिकत नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेला एखादा डोस मुलाला सलाईनपासून वाचवू शकतो. पण डोम्पेरिडोन या आपल्याकडच्या लाडक्या औषधाचा १२ वर्षांखालील मुलांसाठीचा परवाना ब्रिटनने २०१९ साली काढून घेतला. मुलांना त्याचा पुरेसा उपयोग होत असल्याचे दिसेना आणि हृदयावरच्या परिणामांचा धोका तर होताच. मुख्य मुद्दा आणखी वेगळा आहे. दर खेपेला घरच्या घरी उलटी दाबली की नोंद होत नाही, डॉक्टरांच्या कानावर जात नाही आणि ‘पुन्हा’ हा शब्द बाटलीत बुडून जातो.

उलट जे द्यायलाच हवे, त्याबाबत आपण कंजूष. उलटीने मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, सलाईन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आले. ‘ओकणाऱ्याला पाजून काय उपयोग, सारे बाहेरच येणार’ हा समज तिथे खोटा ठरला. चमच्या-चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी पाजावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा आणखी सावकाश सुरू करावे. बाहेर येते त्याहून आत जास्त राहते. पुडी मात्र तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात पुरी विरघळवावी. अर्धी पुडी, अंदाजे पाणी असे करू नये. ‘ओआरएस’ नावाने विकल्या जाणाऱ्या, पण प्रत्यक्षात साखरच जास्त असलेल्या गोड पेयांविरुद्ध हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षे झगडत होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापायला मनाई केली. खोक्यावरचे चित्र पाहू नका, आतला मजकूर वाचा.

घरापुरते जे खरे, तेच वस्तीपुरतेही. समजा, एकाच सोसायटीतली सात मुले एका आठवड्यात ओकली. सातही घरे सात डॉक्टरांकडे गेली, सात केसपेपर निघाले. सात ठिकाणी ‘पोट बिघडले’ असे लिहिले गेले. सात हा आकडा मात्र कोणीच लिहिला नाही. लिहिला असता, तर गच्चीवरच्या टाकीचे झाकण कोणीतरी उघडून पाहिले असते. देशात २००४ पासून साथरोगांवर लक्ष ठेवणारी सरकारी योजना आहे, पण नव्या शहरात मुले जातात खासगी दवाखान्यांत, आणि तिथल्या नोंदी पालिकेपर्यंत क्वचितच पोचतात. सोसायट्यांच्या सभांत पार्किंगवर दोन दोन तास भांडणे होतात. टाकी शेवटची कधी धुतली, हा विषय ‘आयत्या वेळच्या विषयां’तही येत नाही.

आपल्याच राज्यातले एक उदाहरण इथे आठवते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ खेड्यांतल्या थोडे शिकलेल्या बायकांना नवजात बाळे कशी पाहायची आणि काय काय लिहायचे, ते शिकवले. रडणे मंदावले का, दूध ओढणे कमी झाले का, श्वास घेताना छाती आत जाते का, वारंवार उलटी होते का? यातल्या कोणत्याही दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर ताबडतोब उपचार. नवजात बालमृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केले आणि जगाने त्याची दखल घेतली. पाचवी-सातवी शिकलेल्या बाईने जंगलातल्या झोपडीत जे लिहून ठेवले, ते आपल्या पदवीधर सदनिकांत लिहिले जात नाही, हे बरे दिसत नाही.

यावर आक्षेप येतील. ‘आता सारे मोबाइलमध्ये असते.’ असते खरे. मुलाचे हजार फोटो असतात, पण मागची उलटी कोणत्या तारखेची, हे त्यातून कोणी काढून दाखवावे. ‘लिहीत बसले की काळजी वाढते.’ माझा अनुभव उलट आहे. आपण काहीतरी विसरतो आहोत, या धास्तीनेच काळजी वाढते. लिहिलेली गोष्ट मनावरून उतरते. शिवाय आईवर आळ घ्यायला टपलेल्यांची तोंडे त्या वहीने बंद होतात. सहा उलट्यांपैकी पाच सोमवारी पहाटे झाल्या असतील, तर त्यात केकचा काय दोष आणि आईच्या नोकरीचा काय? ‘डॉक्टरांना वेळ कुठे असतो?’ नसतो. म्हणून तर पाच मिनिटांत वाचून होईल असा कागद हवा. रडत्या मुलाला मांडीवर घेऊन तीन महिन्यांचा इतिहास आठवत बसण्यापेक्षा तो कितीतरी लवकर वाचून होतो.

त्यासाठी फार काही लागत नाही. दहा-वीस रुपयांची वही. तारीख, वेळ, उलटीचा रंग, किती वेळा, त्याआधी काय खाल्ले, ताप-जुलाब-डोकेदुखी होती का, लघवी किती वेळा झाली, कोणते औषध दिले आणि मूल पुन्हा केव्हा खेळायला लागले. पाळणाघरातल्या ताईंनी आणि दोन्ही आज्यांनी त्याच वहीत लिहावे. महिन्यातून एकदा वजन. सरकारी माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा आलेख छापलेलाच असतो, पण आपण ते कार्ड लशींच्या तारखांपुरते उघडतो आणि आलेखाचे पान कोरे राहते. डॉक्टर शक्यतो एकच ठेवावा. बदलावा लागला तर वही बरोबर न्यावी. पालिकेने तिच्या नागरी आरोग्य केंद्रांतून आणि खासगी बालरोगतज्ज्ञांकडून आठवड्याला एकच आकडा मागवावा: उलटी-जुलाबाची मुले किती आणि कोणत्या सेक्टरातली. यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. एक कारकून आणि एक फळा पुरे.

आणि काही बाबतींत वही उघडत बसायचेच नाही. हिरवी किंवा रक्ताची उलटी, मूल सुस्त पडणे, टाळू किंवा डोळे खोल जाणे, सहा-आठ तास लघवी न होणे, पोट फुगून टणक होणे, मान ताठणे किंवा डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी, यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. बाकी बहुतेक उलट्या साध्या असतात आणि साध्याच राहोत. पण पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मान वर करून ‘यापूर्वी कधी झाली होती?’ असे विचारले, तर नवरा-बायकोने एकमेकांच्या तोंडाकडे पाहू नये. तारीख सांगता यावी.